फक्त माझ्याच फोनात वाजणारं गाणं

९ जानेवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून अतिमे गिन्दोचा नायनाट. शांत डोक्याने करायचा. रागाच्या भरात काहीही नाही.

कारण लिहून ठेवतो, पुढेमागे मन विरघळलं तर वाचायला. काल बंदरावर तिंबक्तूला निघालेल्या मोठ्या नावेत माझ्या बापाचं गाणं वाजत होतं. बापाने स्वतःच्या गळ्यातून म्हटलेलं, मुलगी नावेत बसून सासरी निघते तेव्हाचं. मी ओरडून नावाड्याला विचारलं, हे कुठून आणलंस रे? तो म्हणाला, हे होय, हे गिन्दोचं गाणं. नाव सुटली, नाहीतर तिथेच त्याला पाण्यात घातला असता.

गिन्दो म्हणजे डोगोन जमातीचा. डोंगरातला कांदेखाऊ. त्याच्या सात पिढ्यांत कुणी वल्हं हातात धरलं नाही आणि नदीचं गाणं म्हणे त्याचं.

मोप्तीच्या बाजारात मेमरी कार्डात गाणी भरून देणारे नावाजलेले आम्ही दोघेच. माझं टेबल सुक्या मासळीच्या रांगेत. त्याचं बरोबर समोर, कांद्यांच्या रांगेत. त्याने ते गाणं माझ्याच कार्डावरून चोरलं, दुसरा मार्गच नाही. रेकॉर्डिंग मी केलेलं आहे. म्हणजे माझ्या छोट्या प्लेअरवर झालेलं आहे. एकच गोष्ट.

त्याच दिवशी, दुपार.

जाब विचारून आलो, भर बाजारात. म्हणालो, चोरा, कांद्याच्या सालीची लायकी नाही तुझी. लोक हसले. एका बाईने तर टाळ्या वाजवल्या.

हीच तर अडचण आहे. आम्ही बोझो, नदीवरचे कोळी, आणि ते डोगोन, म्हणजे थट्टेचे सोयरे. दुष्काळात आमच्या पूर्वजाने आपल्या मांडीचं मांस कापून, भाजून त्यांच्या भुकेल्या पोराला खाऊ घातलं, तेव्हापासूनचं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, राग धरायचा नाही आणि मागेल ते नाही म्हणायचं नाही. त्यामुळे मी अगदी पोटातून शिवी हासडली तरी ती थट्टाच धरतात. अतिमे हसत म्हणाला, बारेमा, माझ्या गुलामा, तुझ्या पणज्याची मांडी आमच्या पोटात गेली, तिथे एका गाण्याचं काय घेऊन बसलास? वर कांद्यांची माळ गळ्यात घातली.

माळ घेतली. पुरावा म्हणून. संध्याकाळी कुम्बाने पुरावा माशांच्या कालवणात घातला. बायकोला कायद्यातलं काही कळत नाही.

१२ जानेवारी, गुरुवार. बाजाराचा दिवस.

बाजाराचे प्रमुख सिदिकीबाबा यांच्याकडे रीतसर तक्रार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. मग म्हणाले, बोझो-डोगोनच्या भांडणात न्याय द्यायला बसलो तर लोक मलाच वेडा म्हणतील. फार छान करतोस हो तू, हसून पोट दुखलं माझं.

थोडक्यात, सिदिकीबाबा मनातून माझ्या बाजूचे आहेत.

घरी साताने पुन्हा विषय काढला. माझी लेक. बारा फेब्रुवारीला तिचं लग्न, सासर नदीपलीकडे. तिला हुंडा-भांडी कशाचं काही नाही, एकच धोशा. मी नावेत बसेन तेव्हा आजोबांचं गाणं वाजायला हवं, बाबा. लहानपणी आजोबांनी तिला वचन दिलं होतं, तुझ्या लग्नात मी गाईन. वचन देऊन म्हातारा पुढे निघून गेला. आता वचन माझ्या गळ्यात.

म्हणालो, गाणं माझ्या खिशात आहे, काळजी करू नकोस. ती म्हणाली, तुम्ही काळजी करू नकोस म्हणालात की मला काळजी वाटते. आईवर गेली आहे.

१६ जानेवारी, सोमवार.

टप्पा एक. अतिमे अजून चार आणि आठ जीबीची चिल्लर कार्डं विकतो. मी थेट राजधानीतून, बामाकोहून, चौसष्ट जीबीची मागवली. एका कार्डात अख्ख्या देशाची गाणी मावतील. त्याच्या टेबलावर माश्या बसतील, माश्या. आणि माझ्याकडे मासळी असून बसणार नाहीत.

पाटी लावली: मोठं कार्ड, मोठा माणूस.

१९ जानेवारी, गुरुवार.

तुफान विक्री. अतिमे समोरून पाहत होता. जळत असणार. वरवर शेंगदाणे खात होता.

२१ जानेवारी, शनिवार.

काही गिऱ्हाइकं परत आली. त्यांच्या रेडिओच्या डब्यात कार्ड वाजत नाही म्हणे. माझ्या फोनात घातलं, खणखणीत वाजलं. म्हणजे दोष डब्यांचा. तसं स्पष्ट सांगितलं. एक कोळीण म्हणाली, डबा जुना आहे हे मला ठाऊक आहे, नवऱ्याइतका जुना आहे, पण तो आधी गात होता, तुझं कार्ड घातल्यापासून नवऱ्यासारखा गप्प झालाय.

ती समोर अतिमेकडे गेली. तो तिला माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने सांगत होता, जुन्या प्लेअरला बत्तीसच्या वरचं कार्ड पचत नाही आई, त्याच्या आतड्याला सवय नाही. बोझो माणूस नदीएवढं देतो आणि घोट कुणाला घेता येत नाही.

बत्तीसच्या वरचं पचत नाही हे मला माहीत होतं. लोकांनी नवे डबे घ्यावेत, बाजार पुढे जावा, हा माझा हेतू होता.

२३ जानेवारी, सोमवार.

पाटी काढली. वाऱ्याने फार हलत होती.

आज अतिमेला ठेवणीतल्या शिव्या दिल्या, मनापासून, दातओठ खाऊन. ऐकायला ही गर्दी. दोन सोनारही दुकान सोडून आले. गर्दीतली निम्मी माणसं नंतर त्याच्याकडून कार्डं भरून घेऊन गेली. सिदिकीबाबांनी निरोप पाठवला, येत्या गुरुवारीही असंच काहीतरी ठेव.

२५ जानेवारी, बुधवार.

चूक सापडली. मी हल्ला करत होतो, किल्ला मात्र उघडा टाकून. बापाचं गाणं जिथे जिथे आहे तिथून पुसायचं. मग ते फक्त माझ्याकडे. अतिमेला पुन्हा कॉपी करायला मिळणार नाही आणि साताच्या लग्नात सगळ्या बंदराला कळेल गाणं कुणाचं.

लॅपटॉपवरून पुसलं. फोनमधून पुसलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, कार्ड आणा, धूळ साफ करून देतो, फुकट. वाळवंटातून येणाऱ्या हरमत्तानच्या वाऱ्यात सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ, कार्डातही असणार, लोकांना पटलं. रांग लागली. साफ करता करता प्रत्येकाच्या कार्डातलं बापाचं गाणं उडवलं. मेहुण्याच्या सुद्धा. फक्त तिंबक्तूची नाव हाती लागली नाही, पण पाणी उतरलंय, ती काही आता महिनाभर परत येत नाही.

आता गाणं जगात एकाच ठिकाणी. दोन जीबीचं जुनं कार्ड, ज्याच्यावर बापाने म्हटलं तेच. चांभाराकडून कातडी ताईत शिवून घेतला, त्यात कार्ड, ताईत गळ्यात. कुम्बाने विचारलं, कुणी करणी केली का? म्हणालो, हो, अतिमेने. ती म्हणाली, तुम्हाला करणी करायला वेगळा माणूस कशाला लागतो.

अतिमेकडे ते असेल का, असा विचार क्षणभर आला. असणार नाही. चोर चोरीचा माल विकून मोकळा होतो, जपून ठेवत नाही.

२९ जानेवारी, रविवार.

ताईतातलं कार्ड काढून प्लेअरमध्ये घालून गाणं ऐकलं. स्वच्छ आहे. शेवट मी पूर्वीच कापला होता. तिथे नुसता खोकला आणि फालतू बोलणं होतं आणि तेव्हाची कार्डं छोटी. जागा नव्हती.

साता बाजूला बसून ऐकत होती. तिने डोळे पुसले. मी नाही पुसले, धुळीमुळे आपोआप वाहत होते.

२ फेब्रुवारी, गुरुवार.

नवा फोन घेतला. लग्नाच्या घाईत कुम्बा म्हणाली, हे काय आता? तिला काय सांगणार, हे शस्त्र आहे.

बंदरावर एका व्यापाऱ्याने सांगितलं होतं, या नव्या फोनात कार्ड घातलं आणि फोनच्या स्वाधीन केलं, की ते दुसऱ्या कुठल्याच यंत्रात उघडत नाही. कुलूपच. मी तिथल्या तिथे ठरवलं. समजा लग्नात अतिमे आला. येणारच, थट्टेचे सोयरे लग्नात बिनबोलावता येतात, नवरी पळवायचं नाटक करतात, पातेल्यातले मासे उचलतात. समजा त्याने कार्डही उचललं. नेऊन आपल्या डब्यात घातलं. डबा गप्प. पुन्हा काढलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. गप्प. त्याचं ते तोंड मला बघायचंय. गाणं माझ्या फोनात आणि फक्त माझ्याच फोनात वाजणार.

३ फेब्रुवारी, शुक्रवार. नमाजानंतर.

केलं.

फोनने फ्रेंचमध्ये विचारलं, कार्ड इकडून तिकडे न्यायला ठेवायचं की फोनचंच करायचं? फोनचंच. मग लांबलचक मजकूर आला. पहिलीच ओळ: हे कार्ड यापुढे इतर कुठल्याही उपकरणात वापरता येणार नाही. वाचून असं बरं वाटलं म्हणून सांगू. तेच तर हवं होतं. पुढच्या ओळी वाचल्या नाहीत. कंपन्या शेवटी स्वतःची स्तुतीच करतात. हो दाबलं. पट्टी हळूहळू भरत गेली. फोन मनापासून काम करत होता.

अतिमे समोरून ओरडला, काय रे गुलामा, एकटाच हसतोस? म्हणालो, कळेल. तो म्हणाला, अल्ला करो, तुला आधी कळो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ.

गाणं दिसत नाही. कुलूप पक्कं बसलं असावं. सकाळी सैल होईल.

४ फेब्रुवारी, शनिवार.

सैल झालं नाही. फोन म्हणतो कार्ड रिकामं. कार्ड काढून प्लेअरमध्ये घातलं. प्लेअर म्हणतो कार्डच नाही. रेडिओचा डबा काहीच म्हणत नाही. लॅपटॉप म्हणतो, फॉरमॅट करू का? लॅपटॉपला सांगितलं, मेलास तरी चालेल पण हात लावू नकोस.

एकच कार्ड. तीन यंत्रांना ते ओळखू येत नाही आणि चौथ्याला ओळखू येतं तर त्यात काही नाही.

कार्ड सदऱ्याला पुसलं. अडॅप्टर बदलला. पुन्हा ताईतात घालून छातीशी धरून बसलो, ऊब लागून बरं वाटेल म्हणून.

५ फेब्रुवारी, रविवार.

साताला फोन दिला, म्हटलं, सहज, तो मजकूर पुन्हा आला तर वाच, तुझं फ्रेंच तपासायचंय. दुसऱ्या एका कार्डावर तीच पायरी गाठून तिने मोठ्याने वाचलं. दुसरी ओळ: या कार्डावरील सर्व मजकूर कायमचा पुसला जाईल. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मग ताईताकडे.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बाबा, असू दे. आणि आत जाऊन आईबरोबर कांदे चिरायला बसली. कांद्यांमुळे कोण कशाने रडतंय ते कळत नाही.

सगळा दोष अतिमेचा. त्याने चोरी केली नसती तर मी कुलूप लावलं नसतं.

७ फेब्रुवारी, मंगळवार.

दोन दिवस बाजारभर फिरलो. तुझ्याकडे माझ्या बापाचं गाणं आहे का? तुझ्याकडे? सगळ्यांचं एकच उत्तर, होतं रे, तूच नाही का धूळ साफ करून दिलीस. फार चांगलं साफ केलंस. मेहुण्याने तर आभार मानले.

मी हातात घेतलेलं काम असं असतं. एकही कॉपी सुटली नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार. बाजाराचा दिवस.

जायचं नाही असं सकाळी ठरवलं. त्याच्या दारात पाय ठेवण्यापेक्षा साताला मी स्वतः गाऊन दाखवीन. न्हाणीत गाऊन पाहिलं. कुम्बाने बाहेरून विचारलं, पडलात का?

गेलो.

भर गर्दीत उभा राहिलो आणि म्हणालो, अतिमे, माझ्या बापाचं गाणं दे. लोक लगेच जमले. सिदिकीबाबांनी पुढे स्टूल मागवलं. अतिमेने नेहमीसारखी सुरुवात केली. आधी कबूल कर, डोगोन मालक आणि बोझो गुलाम. म्हणालो, डोगोन मालक. हशा. म्हण, मासे वास मारतात, कांदा सुगंधी. म्हणालो, कांदा सुगंधी. आणि तिथे मला हुंदका आला. खराखुरा, नाकातोंडातून. लोक खाली बसून हसले. अशी नक्कल आजवर पाहिली नाही म्हणाले. कुणीतरी बक्षीस म्हणून माझ्या कपाळाला नोट चिकटवली.

फक्त अतिमे हसायचा थांबला. त्याने टेबलावर कापड ओढलं, मला दंडाला धरून कांद्याच्या पोत्यांमागे नेलं, पाणी दिलं. काय झालं? सांगितलं. कुलूप, फोन, दुसरी ओळ. धूळ साफ करण्याचं सुद्धा. वाटलं, आता हा बाजारभर दवंडी पिटणार.

तो म्हणाला, माझ्या डब्यात आहे. आहे तसं. घे, मांडीचं मांस परत.

मी खिशातलं कार्ड पुढे केलं. चौसष्टचं. त्याच्या जुन्या डब्याने ते ओळखलं नाही. तो म्हणाला, छोटं घे माझ्याकडचं. मी म्हणालो, तुझं कार्ड मी घेणार नाही, मलाही मान आहे. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, बरं बाबा, मग रविवारी मीच डबा घेऊन नावेत बसतो.

म्हणजे माझ्या अटीवर झालं सगळं.

१२ फेब्रुवारी, रविवार. लग्न.

नाव सजवली, साता बसली. अतिमे डबा मांडीवर घेऊन तिच्याशेजारी. येताना त्याने रीतीप्रमाणे पातेल्यातला सर्वांत मोठा मासा उचलला, साताला म्हणाला, या मासेखाऊंकडे कशाला राहतेस, चल डोंगरात, कांदे देतो. साता पुष्कळ दिवसांनी हसली. मीही त्याला दोन शिव्या दिल्या. पाहिजे तेवढा जोर नव्हता, घसा बसला आहे.

मग त्याने बटण दाबलं आणि बाप गायला लागला. काठावरच्या बायकांनी धुणं खाली ठेवलं. वल्ही सुद्धा हळू पडत होती. साता डब्यावर हात ठेवून बसली होती, जसा आजोबांच्या गुडघ्यावर ठेवायची. शेजारच्या नावेतल्या म्हाताऱ्यांनी नावानिशी ओळखलं. हा तिएन्ता, म्हणाले, आपला तिएन्ता. मी छाती काढून उभा होतो.

गाणं संपलं. मी बंद कर म्हणून हात केला. पण अतिमे नदीकडे पाहत होता आणि डबा चालूच राहिला. खोकला आला. मग बापाचा बोलका आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा. झालं का रे अतिमे? उतरलं ना नीट? पोरा, तू होतास म्हणून झालं. आमचा बारेमा बामाकोला बसलाय, त्याला कुठली सवड. आला की त्याला दे हे. म्हणावं, साता जाईल तेव्हा वाजव. आणि त्याच्याशी भांडू नकोस रे. चिडका आहे, पण आपला आहे.

खोकला. संपलं.

कुम्बाने माझ्याकडे पाहिलं नाही, ही तिची मेहेरबानी. मी बामाकोला कामासाठी गेलो होतो. प्लेअर माझाच होता. जाताना त्याच्याकडे ठेवला होता, ती गोष्ट वेगळी. आणि शेवट कापला तो जागेसाठी, हे मी वर लिहिलेलंच आहे.

अतिमेला आता तोंड उघडायचा पूर्ण हक्क होता. महिनाभर मी त्याला चोर म्हणतोय आणि इतकी वर्षं त्याच्याकडे हे होतं. सगळं गाव ऐकायला हजर, थट्टेचं नातं, काहीही बोलला असता तरी मला ते गिळावं लागलं असतं. मी वाट पाहत होतो. त्याने डबा बंद केला, साताच्या डोक्यावर हात ठेवला आणि मासा खाऊ लागला.

एक शब्द बोलला नाही. याबद्दल मी त्याला कधीही माफ करणार नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार.

सूड पुढे चालू. शत्रूवर नजर ठेवायची तर जवळ बसलेलं बरं, म्हणून टेबल उचलून कांद्यांच्या रांगेत नेलं, त्याच्या बाजूला. तो म्हणाला, ये गुलामा, वास सहन करू. चहाचे रिवाजाचे तिन्ही पेले त्याच्याकडेच झाले.

त्याच्याकडून एक छोटं कार्ड घेतलं, दोन जीबीचं. बापाचं गाणं पुन्हा उतरवून घेतलं, शेवटासकट. जागा पुरली.